फ्री एजंटचा बाजार आणि फिलाडेल्फिया ईगल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यात राहतो. अमेरिकन फुटबॉलच्या नकाशावर इथून उत्तरेला जायंट्स या संघाचं राज्य, दक्षिणेला ईगल्सचं, आणि सीमारेषा बहुधा आमच्या जेवणाच्या टेबलावरून जाते. मी ईगल्सची, माझे धाकटे दीर जायंट्सचे. मार्च 2024 मध्ये त्यांचा लाडका खेळाडू सॅक्वॉन बार्कली जायंट्स सोडून ईगल्समध्ये आला, आणि अकरा महिन्यांनी ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तेव्हापासून पुण्याच्या नातेवाइकांपासून इथल्या गणपतीत भेटणाऱ्या मंडळींपर्यंत सगळे मला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

हा नेमका कुठला फुटबॉल?

हातात धरून पळायचा. एनएफएल ही अमेरिकेतली 32 संघांची व्यावसायिक लीग. पायाने खेळतात त्याला इथे सॉकर म्हणतात. करार संपलेला खेळाडू मोकळा होणं तिकडेही आहेच. युरोपात 1995 च्या बोस्मन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबाला जुन्या क्लबाला पैसे मोजावे लागत नाहीत. पण पगाराची मर्यादा, टॅग, भरपाईचे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) वगैरे जो गुंता खाली येणार आहे, तो खास एनएफएलचा.

फ्री एजंट म्हणजे दलाल का?

माझ्या सासऱ्यांचा हा प्रश्न, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. इंग्रजी शब्दच फसवा आहे. फ्री एजंट म्हणजे खेळाडू स्वतः, ज्याचा करार संपलाय आणि जो आता कुणाशीही बोलणी करायला मोकळा आहे. त्याचा दलाल वेगळा. त्याला नुसतं ‘एजंट’ म्हणतात आणि खेळाडू संघटनेच्या नियमांनुसार त्याला जास्तीत जास्त 3 टक्के घेता येतात.

मोकळेपणाच्याही पायऱ्या आहेत. चार किंवा जास्त हंगाम पुरे केले आणि करार संपला की पूर्ण मोकळा. तीनच हंगाम झाले असतील तर अर्धा मोकळा: दुसऱ्याची ऑफर घेता येते, पण मूळ संघाने ठरावीक रकमेचा प्रस्ताव दिलेला असेल तर तेवढीच ऑफर देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क त्या संघाला राहतो. त्याहून कमी हंगाम असतील तर जुन्या संघाने किमान पगार पुढे केला की पर्यायच नाही. आणि करार चालू असताना संघाने नारळ दिला, तर तोही बाजारात येतो.

म्हणजे आयपीएलचा लिलावच की!

नाही. आयपीएलच्या लिलावात हातोडा पडला की खेळाडू त्या संघाचा. त्याला कोणी विचारत नाही. इथे हातोडाच नाही. चार संघ ऑफर देतात आणि निवड खेळाडू करतो. कमी पैशाची ऑफरही तो घेऊ शकतो. लिलावाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या मुलांचा एप्रिलमधला ड्राफ्ट. तिथे संघ निवडतो आणि पोराला जावं लागतं. फ्री एजन्सी म्हणजे त्या सक्तीच्या चार वर्षांनंतर मिळालेली पहिली मोकळी हवा.

हा हक्क खेळाडूंना पहिल्यापासून होता का?

छे. कोर्टात भांडून मिळवला. 1989 मध्ये मालकांनी एक अर्धवट योजना आणली: प्रत्येक संघाने आपले 37 खेळाडू राखून ठेवायचे, उरलेल्यांना मोकळं सोडायचं. म्हणजे चांगली माणसं कोंडलेली आणि उरलीसुरली बाजारात. 1992 मध्ये फ्रीमन मॅकनील आणि इतर काही खेळाडूंनी मिनियापोलिसच्या कोर्टात हा खटला जिंकला. त्यामागोमाग रेजी व्हाइट या बचावपटूच्या नावाने सगळ्या खेळाडूंचा सामूहिक दावा उभा राहिला आणि मालक तडजोडीला आले. 1993 पासून खरी फ्री एजन्सी सुरू झाली.

यातली गंमत अशी, की रेजी व्हाइट ईगल्सचाच. तो मोकळा झाला आणि पहिल्याच वर्षी 4 वर्षांच्या, 1 कोटी 70 लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. ग्रीन बे म्हणजे विस्कॉन्सिनमधलं थंडीने गारठलेलं छोटं गाव. एवढा मोठा खेळाडू तिथे जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. जानेवारी 1997 मध्ये पॅकर्सनी सुपर बोल जिंकला आणि त्या सामन्यात व्हाइटने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला, तीनदा आडवा केला. फिलाडेल्फियातली जुनी माणसं अजून त्याबद्दल हळहळतात.

ज्याच्याकडे पैसा जास्त तोच संघ जिंकत असेल ना?

तसं होऊ नये म्हणूनच सॅलरी कॅप आहे. प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करायचा याची वरची मर्यादा, सगळ्यांना सारखी. 1994 मध्ये ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2024 मध्ये 25 कोटी 54 लाख, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. एवढ्यात 53 जणांचा मुख्य संघ बसवायचा. उन्हाळी सरावाला 90 जण असतात, हंगामाच्या तोंडावर त्यांची छाटणी होते. त्यामुळे एका क्वार्टरबॅकला 5 कोटी दिले, की दुसऱ्या टोकाला कुणीतरी किमान पगारावर खेळणार हे ठरलेलंच.

मर्यादा असूनही एवढे मोठे करार बसतात कसे?

हिशोबाच्या वहीत. ईगल्सचे जनरल मॅनेजर हाउवी रोझमन या कामातले उस्ताद मानले जातात. कल्पनेतला एक खेळाडू घेऊन आकडे मांडते.

समजा 3 वर्षांचा करार केला आणि सही करताना 2 कोटी डॉलर बोनस हातात ठेवला. खेळाडूला पैसे आज मिळाले. कॅपच्या वहीत मात्र हा बोनस जास्तीत जास्त 5 वर्षांवर पसरता येतो. करार तर तीनच वर्षांचा, म्हणून त्याला दोन खोटी वर्षं जोडायची. या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. ती फक्त वहीसाठी. आता दर वर्षी बोनसचे 40 लाखच दिसतात. पहिल्या वर्षाचा मूळ पगार 12 लाख धरला, तर एवढा मोठा खेळाडू पहिल्या वर्षी वहीत 52 लाखांत बसला!

बिल येतं ते नंतर. तीन वर्षांनी तो गेला की बोनसचे 1 कोटी 20 लाख वहीत मोजून झालेले असतात. उरलेले 80 लाख एकदम अंगावर येतात. संघात नसलेल्या माणसाचा हा खर्च, म्हणून त्याला ‘डेड मनी’ म्हणतात. दर वर्षी कॅप वाढत गेली तर आजचे 80 लाख उद्या हलके वाटतात, या भरवशावर सगळा खेळ चालतो. उधारीवर दिवाळी, पण पगारवाढ नक्की असलेल्या घरातली.

3 वर्षांचा करार म्हणजे 3 वर्षं नोकरी पक्की?

अजिबात नाही. बातमीतला मोठा आकडा वाचून खाली ‘हमीची रक्कम’ किती ते बघा. बार्कलीचा करार 3 वर्षं, 3 कोटी 77 लाख 50 हजारांचा, पण हमी 2 कोटी 60 लाखांची. हमीबाहेरचं वर्ष आलं आणि खेळ उतरला, की संघ हात वर करू शकतो.

ईगल्सना 2024 मध्ये एवढी माणसं का लागली?

कारण आदला हंगाम वाईट रीतीने संपला होता. 2023 मध्ये 10 विजय, 1 पराभव अशी सुरुवात, आणि मग गाडी घसरली ती घसरलीच. शेवटच्या सातातले सहा सामने गेले, त्यात टॅम्पा बेविरुद्धचा 32-9 असा बाद फेरीतला पराभवही. त्यावर जेसन केल्सी आणि फ्लेचर कॉक्स हे दोन जुने खांब निवृत्त झाले. बचावाची सूत्रं विक फँजिओ या अनुभवी प्रशिक्षकाकडे गेली. नवा प्रशिक्षक आला की त्याच्या पद्धतीला लागणारी माणसं बदलतात, आणि 2024 ची अर्धी खरेदी त्या नजरेने झाली. पत्रकार मात्र बार्कलीभोवतीच फिरत होते.

जायंट्सनी बार्कलीला सोडलंच कसं?

आमच्या घरातला हा सगळ्यात नाजूक प्रश्न. उत्तर नीट देते, नाहीतर दीर रागावतील.

बार्कली रनिंग बॅक, म्हणजे चेंडू बगलेत दाबून गर्दीत घुसणारा. ही जागा मार खाण्याची. शरीर लवकर झिजतं, म्हणून गेली काही वर्षं संघ या जागेवर दीर्घ करार करायला कचरतात. 2023 मध्ये जायंट्सनी त्याच्यावर फ्रँचाइज टॅग लावला. ही संघाच्या हातातली पळवाट: मोकळा होऊ घातलेल्या एका खेळाडूला त्या जागेच्या सर्वोच्च पगारांवरून ठरलेली रक्कम देऊन एक वर्ष अडकवून ठेवायचं. त्या वर्षी रनिंग बॅकचा आकडा 1 कोटी 91 हजार डॉलर होता. शेवटी थोड्या वाढीव अटींवर त्याने एक वर्षाचा करार केला. 2024 मध्ये पुन्हा टॅग लावला असता तर 120 टक्के द्यावे लागले असते. जायंट्सना पैसा इतर जागांवर हवा होता, त्यांनी टॅग लावला नाही, आणि दार उघडं राहिलं.

हंगाम नसलेल्या त्या महिन्यांत जायंट्सच्या कारभाराचं चित्रीकरण एका वाहिनीसाठी चालू होतं. त्यात मालक जॉन मारा आपल्या जनरल मॅनेजरला सांगताना दिसतात की सॅक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. हे सगळ्या अमेरिकेने पाहिलं, आणि नंतरच्या हंगामात दर आठवड्याला पुन्हा पाहिलं.

कारण तो हंगाम! पहिलाच सामना ब्राझीलमध्ये साओ पावलोला, बार्कलीचे तीन टचडाउन, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवला. ऑक्टोबरात जायंट्सच्या मैदानावर परतला, लोकांनी हुर्यो उडवली, त्याने 176 यार्ड धावून ईगल्सना 28-3 ने जिंकून दिलं. त्या दिवशी आमच्याकडे पावभाजी होती. दीर दुसरी वाटी न घेता उठले. नोव्हेंबरात जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याने एक छोटा पास घेतला, एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्यासमोर गिरकी घेतली, त्यात पाठ पुढच्या बचावपटूकडे झाली, आणि तसाच, मागे न बघता, उलटी उडी मारून तो त्या वाकलेल्या खेळाडूच्या डोक्यावरून पलीकडे उतरला. मी सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ गेले होते, जणू जवळून पाहिलं तर कळेल. पुन्हा पाहिलं, नाहीच कळलं.

नियमित हंगामात 2,005 यार्ड. 1984 चा एरिक डिकरसनचा 2,105 यार्डांचा विक्रम मोडायला 101 यार्ड हवे होते, पण शेवटच्या सामन्यात ईगल्सनी त्याला बाद फेरीसाठी विश्रांती दिली. बाद फेरीचे सामने धरून मात्र 2,504 यार्ड झाले, आणि एका मोसमात एवढं आजवर कुणी धावलं नव्हतं.

बाजार उघडण्याआधीच बोलणी झाली होती म्हणे?

तशी चौकशी झाली. नियम असा: बाजार उघडण्याआधी दोन दिवस बोलणी करायची मुभा असते, 2024 मध्ये त्या दोन दिवसांत फक्त एजंटशी बोलता येत होतं, खेळाडूशी थेट नाही. बार्कलीच्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने पत्रकारांसमोर बोलताना अशी काही वाक्यं केली, की रोझमन थेट बार्कलीशी बोलले असावेत असा अर्थ निघाला. लीगने तपास केला आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून ईगल्सना मोकळं सोडलं. त्याच सुमाराला क्वार्टरबॅक कर्क कझिन्सच्या प्रकरणात अटलांटा फाल्कन्स मात्र सापडले: अडीच लाख डॉलर दंड आणि ड्राफ्टचा पाचव्या फेरीचा एक पिक गेला. त्या कझिन्सशी त्यांनी 18 कोटींचा करार केला होता, आणि डिसेंबरातच त्याला बाकावर बसवलं. दंडापेक्षा ते जास्त झोंबलं असेल.

बार्कली सोडला तर बाकीची खरेदी कशी निघाली?

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, आणि ती कोणी विचारत नाही म्हणून हा प्रश्न मीच घातलाय.

त्या मार्चमध्ये बाहेरून आणलेल्यांत ईगल्सचा सगळ्यात मोठा करार बार्कलीचा नव्हता. तो होता ब्राइस हफचा, 3 वर्षं, 5 कोटी 11 लाख. आदल्या वर्षी जेट्सकडून त्याने क्वार्टरबॅकला 10 वेळा आडवं केलं होतं. ईगल्समध्ये अडीचवर अडकला, मनगटाची शस्त्रक्रिया झाली, आणि सुपर बोलच्या दिवशी तो खेळणाऱ्यांच्या यादीतच नव्हता.

दुसऱ्या टोकाला झॅक बॉन. न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षं मुख्यतः किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या खास तुकडीत खेळणारा. ईगल्सनी त्याला 1 वर्षासाठी 35 लाखांत घेतलं. बातमी दोन ओळींची. फँजिओंनी त्याला कडेवरून उचलून मध्ये उभं केलं, आणि तिथे त्याला सगळं मैदान दिसू लागलं असावं. 151 टॅकल (चेंडूवाल्याला खाली पाडणं), हंगामाच्या सर्वोत्तम संघात निवड, आणि सुपर बोलमध्ये समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याचा पास त्याने अडवून घेतला, तोही न्यू ऑर्लिन्समध्ये, ज्या गावाने त्याला जाऊ दिलं होतं.

मेकाय बेक्टनचंही तसंच. 2020 मध्ये जेट्सनी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलेला अवाढव्य पोरगा, गुडघ्याच्या दुखापतींनी मागे पडलेला. जास्तीत जास्त 55 लाखांचा एक वर्षाचा करार. जेफ स्टाउटलंड या प्रशिक्षकाने त्याला कडेच्या जागेवरून आत सरकवलं आणि बार्कली ज्या फटींतून धावला त्यातल्या कित्येक या पठ्ठ्याने पाडल्या.

आणि डेव्हिन व्हाइट, जो टॅम्पाकडून सुपर बोल जिंकून आला होता, त्याला ईगल्ससाठी एकही सामना न खेळता ऑक्टोबरात सोडून दिलं. त्याच्या जागी बॉन आणि नकोबी डीन खेळत होते.

मग 2011 च्या ‘ड्रीम टीम’चं काय झालं होतं?

जखमेवर मीठ. त्या वर्षी ईगल्सनी बाजारातून बडी नावं उचलली. सगळ्यात मोठं नामदी असोमुआ, 5 वर्षं, 6 कोटी. राखीव क्वार्टरबॅक म्हणून आलेला व्हिन्स यंग उत्साहात ‘ड्रीम टीम’ म्हणून गेला आणि ते शब्द गळ्यात पडले. पहिल्या पाचातले चार सामने हरले, शेवटी 8 विजय, 8 पराभव.

मालक आणि खेळाडूंच्या भांडणात त्या वर्षी टाळेबंदी होती, बाजार मार्चऐवजी जुलैच्या अखेरीस उघडला. नव्या माणसांना एकत्र सरावाला वेळच नव्हता. त्यात आक्रमक फळीचे प्रशिक्षक अचानक बचावाचे प्रमुख झालेले. असोमुआ आपल्या माणसाला सावलीसारखा चिकटून अडवणारा. त्याला जागा राखत उभं राहायला लावलं. उत्तम सुताराला गवंडीकाम. पुढच्या वर्षी 4 विजय, 12 पराभव, आणि मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांची नोकरी गेली. तेच रीड 2025 च्या सुपर बोलमध्ये समोरच्या बाजूला उभे होते.

खेळाडू फक्त पैसा बघतो का?

पैसा बघतोच, पण हातात किती पडतो तेही बघतो. जायंट्सचं मैदान न्यूयॉर्कच्या नावाने असलं तरी आहे न्यू जर्सीत, आणि इथे 10 लाखांवरच्या उत्पन्नावर राज्याचा कर 10.75 टक्के. पेनसिल्व्हेनियात सरसकट 3.07 टक्के, वर फिलाडेल्फिया शहराचा वेगळा कर लागतो ते सोडा. फ्लोरिडा-टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकरच नाही. बार्कलीच्या बाबतीत आणखी एक: तो वाढला पेनसिल्व्हेनियात, कॉलेजही तिथलंच.

जिंकल्यावर ही माणसं टिकली का?

काही. 9 फेब्रुवारी 2025 ला, बार्कलीच्या 28 व्या वाढदिवशी, ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना 40-22 ने हरवलं. महिन्याभरात बाजार उघडला, या वेळी गिऱ्हाईक दुसरे. मिल्टन विल्यम्सला न्यू इंग्लंडने 4 वर्षांचे 10 कोटी 40 लाख दिले, जॉश स्वेटला ॲरिझोनाने 4 वर्षांचे 7 कोटी 64 लाख, बेक्टन चार्जर्सकडे गेला. बॉनला मात्र ईगल्सनी 3 वर्षं, 5 कोटी 10 लाखांवर ठेवून घेतलं. 35 लाखांचा माणूस एका हंगामात हफच्या किमतीला पोचला. बार्कलीलाही 2 वर्षांची वाढ मिळाली, 4 कोटी 12 लाखांची.

गेलेल्यांबद्दल रोझमन फार रडले नसतील. आलेल्यांपेक्षा गेलेले भारी ठरले, तर लीग पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीत भरपाईचे पिक देते, एका संघाला जास्तीत जास्त चार. संघाने स्वतः काढून टाकलेला खेळाडू यात मोजला जात नाही. म्हणून हुशार संघ मार्चमध्ये इतरांनी काढून टाकलेली माणसं शोधत बसतात: माणूस मिळतो आणि भरपाईही बुडत नाही.

भारतातून हे बघायचं तर कधी?

मार्चमध्ये. बोलणी साधारणपणे दुसऱ्या सोमवारी इथल्या दुपारी 12 ला सुरू होतात, म्हणजे तुमच्याकडे रात्री 9:30. पहिल्या तासातच बातम्यांचा पाऊस पडतो. करारांवर अधिकृत सह्या बुधवारी दुपारी 4 नंतर, भारतात गुरुवारच्या पहाटे दीडला. त्यासाठी जागायची गरज नाही, आकडे आधीच फुटलेले असतात. सोमवारचा गोंधळ संपल्यावर शुक्रवार-शनिवारच्या बातम्या चाळा, एक वर्षाच्या करारांच्या, दोन ओळींच्या. दीर या वर्षी एक वही घेऊन बसलेत, त्यात फक्त तीच नावं लिहितात. जायंट्सचीही.